तांबडी कालवड

वसई,
१४ ऑगस्ट १९८५

प्रिय आग्नेल,

'प्रिय' लिहिलं ते पत्र तसं सुरू करायचं असतं म्हणून. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. तुझ्या मुलीविषयी लिहायचंय. कार्मिन चार वर्षांची झाली, हाक मारली तर वळत नाही, जन्मापासूनच, हे आता गावभर झालंय. आणि तुझी आई वाडीवाडीत सांगत फिरतेय की हे तुझ्या बायकोच्या, बेटीच्या माहेरचं रक्त, लग्नाच्या वेळी आमच्यापासून लपवलं. बायकोची बाजू घेऊन तू काय म्हणतोस ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणजे काहीच म्हणत नसणार. ओळखते रे मी तुला.

आमची तांबडी कालवड आठवते का? गाय काळी, दवाखान्यातून ज्या बैलाचं बीज आणलं तोही काळा, आणि कालवड झाली गुंजेसारखी तांबडी. बाबा असे भडकले! भलत्याच बैलाचं बीज देऊन फसवलं म्हणून भांडायला निघाले. तू गुरांच्या दवाखान्यात नवाच लागला होतास. सायकलवरून आलास, गोठ्यात फतकल मारून बसलास आणि चिंचोके न् गुंजा मांडून त्यांना समजावलंस. गायीची आई गीर, तांबडी. बैलाचीही आई तांबडी. म्हणजे दोघांच्या अंगात एक काळा चिंचोका, एक तांबडी गुंज. चिंचोका असला की गुंज दिसत नाही, पण असते. वासराला दोघांकडून एकेक दाणा मिळतो, दोन्हीकडून गुंज आली तरच तांबडं. बैल भलता नव्हता, आणि एकट्या गायीलाही बोल लावू नका, बर्नार्डकाका, असं म्हणालास. मी दुधाची चरवी घेऊन दारात उभी होते. तिथेच तुझी झाले, वेडी.

मग चर्चमध्ये आपल्या लग्नाची पहिली घोषणा झाली. तीन रविवार करायच्या, कुणाला अडचण ठाऊक असेल तर त्याने सांगावी म्हणून. दुसरी झालीच नाही. तुझ्या आईला माझा भाऊ सिप्रियन आठवला. सेलिनचा भाऊ बहिरा, उद्या पोरं तशीच निपजतील! अरे, तीन वर्षांचा होईपर्यंत तो चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत सगळ्यांच्या वर आवाज काढून गायचा. तापाने कान गेले त्याचे. तुला ठाऊक होतं. असं बहिरेपण रक्तातून उतरत नाही, हेही तुलाच ठाऊक होतं. आईचा मला तेवढा राग नाही, तिला कुणी शिकवलं नव्हतं. तू शिकलेला, आणि मूग गिळून बसलास. गायीसाठी तोंड उघडलंस, माझ्यासाठी नाही.

मी लग्न केलं नाही. त्याचं खापर तुझ्यावर फोडत नाही, बरं का. थोडं फोडते. सिप्रियनशी हातांनी बोलायची सवय होतीच, आता तीन बहिरी पोरं आमच्या ओट्यावर शिकायला येतात. तो केळीच्या वाडीतून आला की त्यांचा मास्तर तोच.

काल दुपारी बेटी आली. कडेवर कार्मिन, हातात कपड्यांची पिशवी. तुझ्या आईने तिला माहेरी जा म्हटलं आणि तू दारात उभा होतास, नुसता. ती माहेरी गेली नाही, माझ्याकडे आली. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. मग तिने विचारलं, माझ्यात असा काय दोष आहे, सेलिनबाय? मी डबा उघडला. तेच चिंचोके, त्याच गुंजा, इतकी वर्षं कशाला ठेवल्या होत्या कोण जाणे. कार्मिनला एक गुंज तिच्याकडून आली आणि एक तुझ्याकडून, ते तिला मांडून दाखवलं. बराच वेळ रडली. कार्मिन तोवर सिप्रियनकडून डोक्यावर दोन बोटं धरून 'गाय' म्हणायला शिकली.

तेवढ्यासाठी हे पत्र. येत्या रविवारी मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या दारात, आईच्या आणि सगळ्यांच्या समोर, बाबांना गोठ्यात सांगितलं होतंस ते मोठ्याने सांग. मग दोघींना न्यायला ये. तोंड उघडणार नसलास तर येऊ नकोस. कार्मिनशी बोलायला इथे माणसं आहेत.

तुझी होता होता राहिलेली,
सेलिन