अर्धी हजामत

प्रिय दादा,

तुझा निरोप पोचला. सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, दुकान उघडून ‘तसल्या’ मुलांचे केस कापायचा उद्योग या आठवड्यापासून बंद, असं तू कळवलंयस. दुकान दोघांचं आणि तू थोरला, तेव्हा मी मुकाट्यानं मान डोलवीन असं तुला वाटलं असणार. चाळीस वर्षं लोकांच्या माना हव्या तशा वळवल्या, पण माझी स्वतःची काही वळत नाही. सोमवार बंद होणार नाही.

गुडघ्यांनी तुला घरी बसवल्यापासून तू दुकानात फिरकला नाहीस, म्हणून तिथे काय चालतं ते माझ्याकडून ऐक. सोमवारी रेडिओ बंद, पावडर आणि पाण्याचा फवारा कपाटात. मशीन तर नाहीच, त्याच्या घरघरीनं ही स्वमग्न मुलं कावरीबावरी होतात. फक्त कात्री. पोर खुर्चीत बसलं तर ठीक, नाहीतर मी या वयात टेबलाखाली शिरतो. त्यानं मान झटकली की माझा हात थांबतो. त्या दिवशी कात्री दोनदाच चालली तर दोनदाच, उरलेलं पुढच्या सोमवारी. त्यामुळे आमची पोरं कधीकधी आठवडाभर एका बाजूनं साहेब आणि दुसऱ्या बाजूनं झुडूप अशी हिंडतात, हे खरं आहे. लोक हसतात, दुकानाचं नाव जातं, हीच ना तुझी तक्रार?

अरे, सुरुवातीला आईबापसुद्धा टोप्या घेऊन यायचे. एकदा बस चालवणाऱ्या एकाच्या लेकानं डावी बाजू कापू दिली आणि उजवीला हात लावू देईना. बाप पिशवीत टोपी शोधायला लागला. मग काय वाटलं कोण जाणे, शेजारच्या खुर्चीत बसला आणि माझंही डावीकडचंच काप म्हणाला. मी त्याला दोनदा विचारलं. तसाच तो आठवडाभर बस चालवत होता. कुणी हसलं की सांगायचा, आमच्याकडे हजामत हप्त्यानं होते. त्यानंतर दुकानात टोपी कुणी आणली नाही.

बाकावरच्या आयांचं तर वेगळंच राज्य आहे. कुठला दातांचा डॉक्टर वैतागत नाही, कुठली शाळा फाटकात गोड बोलते आणि आत गेल्यावर हात वर करते, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्यातली एक शिवणकाम करते, ती सगळ्या पोरांच्या कॉलरमागची टोचणारी पट्टी उसवून देते. एकीला दोन तास झोप मिळावी म्हणून दुसरी तिचं पोर सांभाळते. ज्यांना नातेवाइकांनी लग्नकार्याला बोलवायचं सोडलं, त्या इथे मोठ्यानं हसतात. मी फक्त दार उघडतो. ते तू बंद करायला सांगतोयस.

आपला मधला तुला आठवतो का, दादा? मला रोज आठवतो. बाबा वस्तरा घ्यायचे, तू त्याचे हात धरायचास, मी पाय. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आधी खिडक्या लावायचो. एकदा त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाय आणखी घट्ट धरले. एकविसाव्या वर्षी तो गेला, तोवर आपल्या गिऱ्हाइकांना आपण दोघेच भाऊ आहोत असं वाटत होतं. आपण कुणाचा गैरसमज दूर केला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परवा तुला नातीची कानामागची बट कापलेली दिसली आणि तू सुनेला फैलावर घेतलंस. ती गप्प बसली, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं. तिला एक शब्द बोलू नकोस, कात्री माझी होती. गेले पाच सोमवार ती पोरीला घेऊन दुकानाच्या मागच्या दारानं येते आहे. चार सोमवार पोर उंबऱ्यातच उभी राहिली. पाचव्या सोमवारी तिनं आपण होऊन माझा हात धरला आणि कानापाशी नेला. तीनदा कात्री चालली. ती रडली नाही, दादा. आपल्या घरात अशा लेकराचे केस कुणी हातपाय न धरता कापले ते पहिल्यांदा, आणि तू त्याचा जाब विचारतोस! तुझ्याकडे पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत नेतात. ती खोली कुणाची होती ते तुलाही माहीत आहे. एकाला आपण तिथे संपवलं, हिला मी संपू देणार नाही. यापुढे ती मागच्या दारानं येणार नाही. सोमवारी दहा वाजता आईचं बोट धरून भर रस्त्यानं, पुढच्या दारानं येईल आणि खुर्चीत बसेल. दुकान बंद करायचंच असेल तर निरोप पाठवू नकोस. स्वतः ये, आणि तिला उठवून दाखव.

तुझाच,
धाकटा