तांब्याभर पेट्रोल

आबा, काल मी जेवत्या ताटावरून उठले. सत्तरी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही, ठाऊक आहे मला. पण जावयाला गाडी घ्यायची आहे, चारही चाकांना जोर असलेली, डोंगरातल्या शेतावर जायला, आणि गेले पंधरा दिवस या घरात दुसरा विषय नाही. पेट्रोल घ्यावी का डिझेल? लिटरला कोण किती पळतं? फोर-व्हील टाकली की ॲव्हरेज किती पडतं? काल भाकरी मोडता मोडता तो मला म्हणाला, "आई, तुमचे वडील जीपवर होते ना? ते काय म्हणायचे?" अशी तिडीक गेली डोक्यात! ताट सरकवलं आणि आत गेले. लेक मागोमाग आली, "अगं, झालं काय तुला?" म्हणून विचारत राहिली. तिला काय सांगणार, कपाळ? तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तुमच्यावर तोंड सोडायचं माझं राहूनच गेलं, म्हणून आज वही घेऊन बसले आहे.

तुम्ही काय म्हणायचात ते मला पाठ आहे. "डिझेल म्हंजी टरकाचं आन् ट्रॅक्टरचं खाणं. जीपला प्येट्रोलच पायजे. अर्ध्या चावीत उठती माझी गाडी. ती डिझेलवाली थंडीत खोकत बसती म्हाताऱ्यावानी." हे तुम्ही ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकवायचात. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. तालुक्याच्या कचेरीची पेट्रोल जीप तुमच्याकडे, आणि साहेबाला घेऊन तुम्ही रोज खर्ड्याकडच्या गावांमधून दुष्काळी कामं बघत हिंडायचात, कुठं तलाव, कुठं खडी फोडायचं काम. अशात कचेरीला नवी डिझेल जीप आली. तिच्याबरोबर तिचा डायव्हर आला, नगरचा, चाळिशीचा, गप्प माणूस. साहेबानं सांगितलं, महिनाभर दोन्ही गाड्या याच रस्त्यांवर फिरवायच्या, दर शनिवारी टाक्या गळ्यापर्यंत भरून मोजायचं. जिचं ॲव्हरेज चांगलं ती इथं राहील, दुसरी तिच्या डायव्हरसकट नगरला जाईल. तुमची सगळी नोकरी घरची भाकरी खाऊन झालेली. आई दम्यानं बेजार, आणि मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तुम्हाला नगरला जायचं नव्हतं, एवढंच. ते मला तेव्हाही कळत होतं.

पण आबा, ती पैज लावायच्या आधीच हरलेली होती हो! त्याच रस्त्यावर, तेवढ्याच ओझ्याला, डिझेल लिटरमागं जास्त पळणारच. तो इंधनाचा गुण आहे, इंजिनाचा आहे, त्यात डायव्हरची मर्दुमकी काय? तुम्ही चौथी शिकलेले, मी मॅट्रिक झालेली. रोज संध्याकाळी तुम्ही हातपाय धुऊन चुलीपाशी बसायचात, किलोमीटर सांगायचात, आणि मी कोळशानं भिंतीवर भागाकार करायचे. आई भाकरी थापताना ओरडायची, "भिंत काळी केली गं सगळी." दुसऱ्या शनिवारी डिझेलचा आकडा कचेरीतून कळला आणि मी तुम्हाला सरळ सांगितलं, "आबा, हे गाठायचं न्हाई आपल्याला. लई फरक हाय." तुम्ही हातातली वाटी आपटलीत. "तुजं गणित चुकलंय," म्हणालात. माझं गणित! उभ्या जन्मात कुणी मला तसं म्हणालं नव्हतं. मी पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं, तुम्ही तोंड फिरवून बसलात. पुढं मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण पोराला "चुकलंय" म्हणताना मला दर वेळी ती वाटी ऐकू यायची.

मग तुम्ही इरेला पेटलात. घाटाच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडायला लागलात. टपाचं कापड काढून घरी टाकलंत, वजन नको म्हणून, आणि साहेब बिचारा उन्हात रुमाल डोक्याला बांधून बसायचा. माझ्यासाठी तुम्ही वाटेवरच्या मळ्यातून चिंचा आणायचात, तो मळा रस्त्यापासून थोडा आत, तर त्या चिंचा बंद झाल्या. मला डोहाळे चिंचेचे, आणि तुम्हाला दोन किलोमीटरचं पेट्रोल जड! रडू आलं होतं मला, पण वरवर "नकोच मला, दात आंबतात," असं म्हणून मोकळी झाले. आणि सगळ्यांत शहाणपणाचं काम म्हणजे ती सुतळी. गिअरशेजारची ती छोटी दांडी, पुढच्या चाकांना जोर देणारी, ती टाकली की गाडी चिखलातून, वाळूतून निघते, पण पेट्रोल जास्त पिते. सवयीनं हात जाईल म्हणून ती दांडी तुम्ही सुतळीनं करकचून बांधून टाकलीत. वर तिला कुंकवाचं बोट लावलंत, नवस बोलल्यासारखं. चार चाकांची गाडी स्वतःच्या हातानं दोन चाकांची करून ठेवली, आणि गावभर सांगत फिरलात, "म्हैनाभर ह्या गाठीला हात लावणार न्हाई." लोक हसायचे. तुम्हाला वाटायचं, कौतुक करतात.

तो शुक्रवार. दुसऱ्या दिवशी शेवटची मोजणी. सकाळी आठला माझ्या कळा सुरू झाल्या आणि गावातली सुईण म्हणाली, "मूल आडवं हाय, माझ्या हातचं न्हाई, तालुक्याला न्या." साहेब आदल्या रात्रीपासून गावातच मुक्कामाला होता, त्याच्याकडून परवानगी काढून तुम्ही गाडी दारात आणलीत. मागच्या बाकावर गोधडी टाकून मला निजवलं आहे, आई उशाशी आहे, वर टप नाही, डोळ्यांवर ऊन. तुम्ही मागं वळून म्हणता, "आत्ता पोचवतो बघ तुला." आणि घाटाच्या उतारावर, आबा, तुम्ही इंजिन बंद करता! मला ती शांतता अजून ऐकू येते. गाडी नुसती घरंगळते आहे, चाकांखाली खडी वाजते आहे, आणि आई म्हणते, "अवो, बंद कशापायी केली?" तुम्ही म्हणता, "उतार हाय, ती जातीच हाय की." लेक आत कळा देते आहे आणि बाप उतार मोजतो आहे. हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटेल का?

मग नदी. नदी कसली, तीनशे पावलांचं कोरडं पात्र, दोन वर्षं पाणी नाही, नुसती पिठासारखी वाळू. रोज तुम्ही लांबच्या पुलावरून जायचात, आज वेळ वाचवायला ही वाट घेतली. काठावर गाडी थांबली. तुम्ही आईला म्हणालात, "तू उतर, चालत ये, तेवढंच वजन कमी." आई उतरून पुढं निघाली. तुम्ही दांडीवर हात ठेवलात, गाठीवर, आणि मागं वळून माझ्याकडं बघितलंत. मग हात काढून घेतलात आणि गाडी तशीच वाळूत घातलीत. निम्म्यात गेल्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तुम्ही पेट्रोल देत गेलात आणि गाडी खाली बसत गेली. पात्रातून आई ओरडत होती, "अवो, ती दांडी टाका, दांडी टाका!" तेव्हा तुम्ही दातांनी ती सुतळी तोडलीत. पण ती दांडी वाळूत शिरायच्या आधी टाकायची असते, हे तुम्हीच चार डायव्हरांना शिकवलेलं. गाडी पोटावर बसल्यावर चारही चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय. चारही फिरली, आणि चारही रुतली.

एरवी बैलजोडीनं अर्ध्या घटकेत ओढून काढली असती गाडी. पण गावातले बैल चारा-छावणीत, माणसं दुष्काळी कामावर. तुम्ही हातांनी वाळू उपसत होतात, चाकांखाली बाभळीच्या फांद्या घालत होतात, काटे रुतून तुमचे हात रक्तानं भरले होते. मी ते बघत होते आणि मला तुमची कीव येत नव्हती. दोन तास गेले, की अडीच. ऊन डोक्यावर आलं आणि पलीकडच्या काठावर ती डिझेल जीप दिसली. त्या माणसानं काठावरच गाडी उभी केली, शांतपणे दांडी टाकली, आणि धडधडत, हळूहळू, नांगरल्यासारखी गाडी वाळूतून आमच्यापर्यंत आणली. मला त्यानं आणि आईनं उचलून त्याच्या गाडीत ठेवलं. तोडलेली सुतळी त्यानं बघितली. एवढंच म्हणाला, "मामा, पयल्याच धडाक्याला टाकायची हुती की वो." आमची गाडी निघाली तरी तुम्ही तिथंच उभे होतात, रक्ताळलेले हात पुढं धरून.

मुलगी होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तास-दोन तास आधी आणायला हवं होतं. केस होते डोक्याला भरपूर. मला एकदाच दाखवली.

शनिवारी टाकी मोजलीच नाही कुणी. तुम्ही सकाळीच जाऊन साहेबाच्या टेबलावर चावी ठेवलीत आणि म्हणालात, मला नगरला धाडा. ज्यासाठी एवढा आटापिटा, ते आपणहून सोडून आलात! मग काय मिळवलंत, सांगा ना? पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचात, आणि आई प्रत्येक वेळी, जेवायला वाढताना, पाहुण्यांपुढं, माझ्या सासरच्यांपुढं, तेच. "ह्या डोळ्यांनी बघितलं मी, मागं वळून. दांडीला हात लावला आन् काढून घेतला. प्येट्रोलपायी नात गिळली ह्या माणसानं." तुम्ही खाली मान घालून भाकरी कुस्करायचात. एकदाही, एका शब्दानं तुम्ही उलट बोलला नाहीत. आई गेली तोवर वीस वर्षं तुम्ही हे ऐकलंत. का ऐकलंत? संताप होतो माझा. चुलीपाशी मीही बसलेली असायचे. माझ्याकडं एकदा नुसतं बघितलं असतंत तरी चाललं असतं. पण तुम्ही माझ्याकडं बघायचंच टाळलंत, दर वेळी, अगदी ठरवून. पुढं मला मास्तरकीच्या शिक्षणाला नगरला घेऊन गेलात, स्वतःच्या खोलीत ठेवलंत, सकाळी चहा करून दिलात, वाटेतून चिंचा आणून माझ्या पुस्तकांवर ठेवायचात. त्या चिंचा मी खाल्ल्या नाहीत. खिडकीतून टाकून द्यायचे, तुम्हाला दिसेल अशा.

वर्गात एकदा मुलांना इंधनाची उदाहरणं घालताना मी हिशेब केला. तीनशे पावलं वाळू, फोर-व्हील टाकून, पहिल्या गिअरमध्ये. जास्तीचं पेट्रोल किती लागलं असतं? तांब्याभर. तेवढंसुद्धा नाही, पण तांब्याभर धरू. आणि डिझेलशी आपला फरक एवढा होता की त्या तांब्यानं शनिवारचा निकाल केसभरही हलला नसता. तुम्हाला भागाकार येत नव्हता. पण मला येत होता, आबा. ॲव्हरेज मीच काढत होते. भिंतीवर लिहिलेलं होतं सगळं. हरणार आहोत, हे त्या गाडीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस मागच्या बाकावर गोधडीवर पडलेलं होतं.

आत लेक हाका मारते आहे, जावयाला उद्या गाडी नोंदवायची आहे. सांगेन त्याला, डिझेल घे, जास्त पळते. दुसरंही सांगेन, वाळू दिसली की काठावरच थांब आणि दांडी टाक, कुणाला विचारत बसू नको. हे पान मी फाडून चुलीत घातलं असतं, पण आता घरात चूल नाही, तेव्हा ते वहीतच राहील. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि आई मरेपर्यंत मीही सांगितलं नाही, म्हणून निदान इथं लिहिते. आई पुढं चालत गेली होती, तिला ऐकू आलं नाही. गाठीवर बोटं ठेवून तुम्ही मला विचारलं होतंत, "बाई, सोडू का गं सुतळी?" आणि मी म्हणाले होते, "राहू द्या आबा. उद्या शनिवार हाय."