थोरल्या कार्डाची आठ महिन्यांची सुट्टी

प्रिय मेहुणेसाहेब,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? आम्ही इकडे ठणठणीत आहोत. तुमची ताईसुद्धा. दोन महिने तुमच्याशी बोललेली नाही, पण तब्येतीवर तसा काही परिणाम दिसत नाही.

तुम्ही निवडून दिलेला कॉम्प्युटर आता झकास चालतो, एवढंच कळवायचं होतं (हे पत्र त्याच्यावरच टाइप करतो आहे). कसा चालायला लागला, ते मात्र जरा पाल्हाळाने सांगावं लागेल. या कॉम्प्युटरमध्ये स्क्रीनवर चित्र उमटवणारी दोन ग्राफिक्स आहेत, हे तुम्हीच मला शिकवलंत. एक धाकटं, प्रोसेसरच्या पोटातलं, टायपिंगसारख्या किरकोळ कामाचं. दुसरं थोरलं, वेगळं कार्ड, स्वतःचे पंखे घेऊन आलेलं, माझ्या स्वयंपाकघरांच्या नकाशांसाठी. स्क्रीनची तार जोडायला मागे दोघांच्या वेगवेगळ्या खाचा. धाकट्याच्या खाचेवर तुम्ही प्लास्टिकचं टोपण बसवून दिलं होतंत (माझ्यासारख्याने तिथे तार खुपसू नये म्हणूनच, हे आत्ता कळलं). पण माझा स्वभाव तुम्ही जाणता. दुकानात फोडलेलं पाकीट मी कधी घेतलेलं नाही. टोपण आहे म्हणजे खाच कोरी आहे, उघड्या खाचेत कोणी काय घातलं असेल देव जाणे, असा विचार करून मी टोपण काढलं आणि तार तिथेच बसवली.

झालं. आठ महिने धाकटं एकटं राबलं आणि थोरलं आत जावयासारखं बसून राहिलं (जावई असल्यामुळे हे मी अधिकाराने लिहितो). गिऱ्हाइकाला स्क्रीनवर स्वयंपाकघर फिरवून दाखवायला जावं, तर कपाटाचं दार अर्धं उघडून थिजायचं. म्हणून तर सगळ्या नातेवाइकांसमोर जेवताना मी म्हणालो, की मेहुण्याने माझ्या गळ्यात भंगार मारलं. तुम्ही एकदा तार बघा म्हणालात, मी ऐकून घेतलं नाही, आणि तुमची ताई तुमच्यावर अशी काही तुटून पडली की मीच दचकलो.

काल धूळ पुसायला टेबलाखाली शिरलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तार काढून थोरल्याच्या खाचेत लावली, आणि ओटा, कपाटं, खिडकी सगळं गरागरा फिरायला लागलं. आता सेटिंगमध्ये कामं वाटून दिली आहेत : ताईचं टायपिंग धाकट्याकडे, नकाशे थोरल्याकडे. मला फार लाज वाटते आहे, हे मोकळेपणाने कबूल करतो.

मोठ्या मनाने राग गिळावा.

तुमचाच,
ताईचा नवरा

ता. क. : यातलं ताईला काही सांगितलेलं नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली. चारचौघांत तिने माझी बाजू पहिल्यांदाच घेतली, आणि ती नेमकी चुकीची निघाली. सांगू कोणत्या तोंडाने?

आणखी एक ता. क. : तेव्हा तुम्हीच तिला फोन करा. कार्डात बिघाड होता, तुमच्या लक्षात आला नव्हता, आता काढून दिलात, असं सांगा. एवढी चूक माझ्यासाठी पदरात घ्या.

तिसरा ता. क. : बाळा, मी ताई. पत्र स्क्रीनवर उघडंच ठेवून हे आंघोळीला गेलेत, त्यामुळे पाठवायचं बटण मीच दाबते आहे. त्या दिवशी तुला नको नको ते बोलले, माझं चुकलं. रविवारी तू आणि तुझी बायको दोघंही जेवायला या. आणि फोनवर हे म्हणतात तसंच सांग, मी नुसतं हं हं करीन. मी बाजू घेतल्यापासून स्वारी रोज न सांगता चहाचे कप विसळते आहे.