बैठकीतला फ्रिज

तात्या,

आपला फ्रिज परवा कायमचा बंद पडला. इंदापूरहून आलेल्या मेकॅनिकनं मागची जाळी काढली, कॉम्प्रेसरवर हात ठेवला आणि तसं सांगितलं. "ह्यात आता जीव न्हाय," तो म्हणाला, "पण टिकला लय. कुणी निवडला होता?" मी म्हणालो, वडिलांनी. त्याला कौतुक वाटलं. आई आत स्वयंपाकघरात बसून ऐकत होती. मेकॅनिक गेल्यावर तिनं माळ्यावरचं जुनं गाडगं खाली काढायला सांगितलं, एका मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात ते बसवलं आणि इन्सुलिनच्या बाटल्या आत ठेवून वर ओलं फडकं झाकलं. सगळं नुसत्या हातांनी चाचपून केलं. फ्रिज तुमच्यापेक्षा जास्त टिकला, तात्या, आणि आईच्या डोळ्यांपेक्षाही.

बारामतीच्या त्या दुकानात आपण तिघं गेलो होतो. आईला इन्सुलिन नुकतंच सुरू झालं होतं. औषध गार ठेवा, पण गोठू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि दवाखान्यातल्या नर्सनं तिला हीच गाडग्याची युक्ती शिकवली होती. फ्रिज घ्यायचा तो आईच्या औषधासाठी, असं तुम्हीच चार लोकांत सांगितलं होतं. म्हातारा दुकानदार विचारतो, "वस्तीवर राहता का गावात? लाइट किती तास असते?" प्रश्न साधा होता. तुम्हाला तो लागला. "आमच्याकडं लाइटीला काय धाड भरलीया?" तुमच्या आवाजानं दुकानातली माणसं वळून बघतात. तरी त्यानं शांतपणे एका दाराचा, ठेंगणा, करड्या रंगाचा फ्रिज दाखवला. यात बर्फ धरतो, लाइट गेली तरी बराच वेळ गारवा टिकतो, दुरुस्तीही सोपी. आईनं त्याचं दार दोनदा उघडून लावून पाहिलं आणि हळूच मला म्हणाली, "ह्यो बरा हाय." तुम्हाला नाही, मला. तुम्ही तोवर पलीकडच्या उंच, दोन दारांच्या, फुलाफुलांच्या फ्रिजसमोर उभे होतात. "त्यो तुमचा कारकुनाच्या घरात शोभंल," तुम्ही दुकानदाराला म्हणालात. "पाव्हणा दारातनं आत आला की ह्याच्यावर नजर पडली पायजे."

आणि तशी ती पडावी म्हणून फ्रिज बैठकीत ठेवला, दारासमोरच्या भिंतीला. शेळगावच्या आपल्या वस्तीवर तेव्हा दुपारी माणसांची ये-जा असायची. ढोबळी मिरचीचे प्लॉट बघायला अंथुर्ण्याहून, कोऱ्हाळ्याहून लोक यायचे आणि बघून झालं की बैठकीत बसायचे. तुम्ही उठून फ्रिज उघडायचात, गरजेपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचात. अंथुर्ण्याचे एक आबा एकदा म्हणाले, "तात्या, एवढं मोठं कपाट आन् आत चार बाटल्या? मला दे की भाड्यानं, उन्हाळाभर ऱ्हातो आत." सगळे हसले. तुम्हीही हसलात, कारण थट्टेत का होईना, फ्रिजचं नाव निघालं होतं.

बैठकीत पुरुष बसले की घरातली बाई तिथं पाऊल टाकायची नाही. हा नियम कुणी केला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं. आईला सुई जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागायची. ती पडद्यामागं उभी राहायची. तुम्ही आतल्या दिशेनं "वाढा गं" म्हणायचात, ती ताटं वाढून दारापर्यंत आणून द्यायची, पाहुणे जेवायचे, सुपारी कातरायचे, मिरचीवरच्या किडीबद्दल बोलत बसायचे. ते उठेपर्यंत तीन वाजायचे. मग कधी ती जेवण झाल्यावर सुई घ्यायची, कधी राहूनच जायची. शेवटी तिनं गाडगं पुन्हा भरलं. तुमच्या ते लक्षात आलं तेव्हा काय म्हणालात, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "दारात फ्रिज उभा केलाय आन् तू औषध गाडग्यात ठिवतीस? लोकांनी काय म्हणायचं, तात्यानं फ्रिज शोभंला आणलाय?" बाटल्या तुम्ही स्वतःच्या हातानं फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्यात आणि गाडगं बाहेर हौदाजवळ टाकलंत. लोक जे म्हणतील म्हणून तुम्ही भीत होतात, ते खरंच होतं.

त्याच उन्हाळ्यात डीपी जळाला आणि वस्तीवर तीन दिवस लाइट नव्हती. तुमचा उंच फ्रिज पहिल्याच दुपारी आतून गरम झाला. पाण्याच्या बाटल्या तुम्ही काढून माठाशेजारी ठेवल्यात. औषधाच्या बाटल्या आतच राहिल्या. लाइट आल्यावर त्या पुन्हा गार झाल्या आणि आई महिनाभर तेच औषध टोचून घेत राहिली. साखर उतरेना म्हणून बारामतीला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून विचारलं, "हे कुठं ठेवलं होतं?" आई म्हणाली, "फ्रिजात." तुम्ही शेजारी उभे होतात, तुम्ही मान डोलावलीत. दुजोरा नसलेलं वाक्य छापायचं नाही, ही माझी नोकरीतली सवय, म्हणून इथंही आहे तेवढंच लिहितो: औषधाचा गुण गेला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढं डोळे गेले, त्याला एकच कारण नसतं, असंही तेच म्हणाले. एवढा दुजोरा मला पुरला. तुम्हाला तर तोही नको होता. डोळ्यांचं निदान झालं त्या दिवशी घरी येताना गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "तिच्या नशिबातच होतं."

काल आईला घेऊन बारामतीला गेलो. आताचा सेल्समन कोवळा, बोलका. फ्रिजच्या दारावरचा स्क्रीन दाखवतो, मोबाइलवरून आतलं तापमान कसं बघायचं ते सांगतो. मी विचारलं, लाइट गेल्यावर किती तास गारवा टिकतो? त्याला आत जाऊन विचारून यावं लागलं. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून मी दार लावलं, पट्टी ओढून पाहिली. सहज निघाली तर रबर ढिलं. दोन फ्रिजच्या दारांतून निघाली, तिसऱ्याच्या निघाली नाही. तो एका दाराचा, ठेंगणा फ्रिज. दुरुस्तीचा माणूस इंदापुरात आहे का, तेही तिथंच फोन लावून विचारून घेतलं. आईनं दाराची मूठ चाचपली, मधला कप्पा छातीच्या उंचीवर येतो का ते हातानं बघितलं. "आजी, कलर कोणता देऊ?" पोरानं विचारलं. "मला काय दिसतंय? ज्यो कुणी घेत नसंल त्यो दे," आई म्हणाली आणि दुकान हसलं. मग ती माझ्याकडं वळली. "ठिवायचा कुठं?" मी म्हणालो, आत, स्वयंपाकघरात. ती म्हणाली, "बघ बाबा. ह्यांनी काय म्हटलं असतं?" डोळे नाहीत, तुम्ही नाही, आणि अजून हाच प्रश्न.

इथवर सगळं तुमच्याच नावावर लिहिलं. एक दुपार वगळून. मी सुट्टीवर घरी होतो, चांगला मिळवता झालेला होतो. बैठक भरलेली होती आणि पाण्यासाठी फ्रिज मी उघडला. दाराच्या आवाजासरशी पडद्याच्या कडेनं आईचा हात बाहेर आला, तळवा वर करून. औषधाची बाटली माझ्या हाताशी होती. आबांचं काहीतरी रंगात आलं होतं, सगळे माझ्याकडं बघत होते, आणि अशा बैठकीत आईला औषध द्यायची मला लाज वाटली. मी पाण्याची बाटली घेतली आणि दार लावलं. हात थोडा वेळ तसाच होता, मग आत गेला. आईनं त्याबद्दल मला कधी विचारलं नाही. हे तिला वाचून दाखवलं तर ती "जाऊ दे" म्हणेल, म्हणून तिलाही दाखवणार नाही.

सकाळी इलेक्ट्रिशियन स्वयंपाकघरात नवा प्लग बसवून गेला. नवा फ्रिज घेऊन टेम्पो उद्या अकराच्या आत यायचा आहे, जाताना तुमचा फ्रिज भंगारात नेईल. नवा दोन-तीन तास नुसता उभा ठेवायचा, मग चालू करायचा. संध्याकाळी जेवणाआधी आई उठेल, चार पावलं चालेल आणि दार स्वतः उघडेल.