माणसासारखं लिहा

शिनचू,
रविवार, १० डिसेंबर

बाबा,

नमस्कार. जेवलात का? आम्ही सगळे बरे आहोत. वारा मात्र इतका सुटलाय की गॅलरीत घातलेले कपडे संध्याकाळी शेजारणीकडून मागून आणावे लागतात. तुमच्या सुनेची, पेई-रोंगची, कंबर आता ठीक आहे. तुमच्या गुडघ्यांचं काय? ताई सांगते की बरे आहेत, पण ती तुमच्याबद्दल मला नेहमी 'बरे आहेत' एवढंच सांगते.

हाताने लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. पेई-रोंग सकाळपासून टोमणे मारतेय. "चार ओळींना एवढा वेळ? लिफ्टची मोटर तू याहून लवकर सोडवतोस." मोटर उलट बोलत नाही, म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "तुझे बाबा तरी कुठे बोलतात?"

नोकरी तीच, लिफ्ट दुरुस्तीची. आणि घरी आल्यावरचा उद्योगही तोच, ज्याचं तुम्हाला वावडं. जुने सात संगणक आहेत घरात, त्यातले तीन चालतात. नव्या प्रोग्रामांचं माझ्याशी काही जमत नाही बघा. आज शिकलेलं बटण उद्या भलतीकडेच. साधी टिपणं लिहायची वही उघडावी तर ती आधी नाव, पत्ता, जन्मतारीख विचारते, जणू सोयरीक जुळवायचीय! खेळांचंही तेच. दोन मिनिटं खेळा, एक मिनिट शाम्पूची जाहिरात बघा. असो. हे सगळं तुम्हाला कशाला सांगतोय? मुद्द्यावर यायचं टाळतोय, दुसरं काय.

पंधरा वर्षांपूर्वी मी एक खेळ बनवून इंटरनेटवर ठेवला होता. थंडी पडली की तळ्यातले मासे आडोशाच्या खोल चरात हाकून हिवाळ्यातून जगवायचे, असा खेळ. तुम्हाला तो ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक आहे, हे मला मात्र मागच्या मंगळवारी कळलं.

खेळाखाली लोकांना चार शब्द लिहायला एक वही ठेवली होती. तिच्यात गोळ्या विकणारे आणि जुगारवाले इंग्रजीत घाण टाकून जायचे. म्हणून मी एक नियम लिहिला. ज्या मजकुरात आपलं एकही चिनी अक्षर नाही, तो थेट कचऱ्यात. आणि पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर: 'हा मजकूर निरर्थक आहे. कृपया माणसासारखं लिहा.' या वाक्यावर मी केवढा खूश होतो! मित्रांना दाखवून हसलो होतो.

आता इंटरनेटवरची ती जागा बंद होतेय, म्हणून सगळं उतरवून घेत होतो. टाकण्याआधी कचरा एकदा चाळला. हजारो इंग्रजी जाहिराती. त्यातच एक ओळ आली, जे, आय आणि तीनचा आकडा अशी सुरू होणारी. पुढे नुसती अक्षरं आणि आकडे. डोळ्यांना काही कळलं नाही, बोटांना कळलं. आपल्या कीबोर्डवर त्याच तीन बटणांनी 'मी' उमटतं.

बाबा, तुमची चूक नव्हती, हे आधी ऐका. संगणक सुरू होतो तेव्हा कीबोर्ड इंग्रजीवर असतो. दोन बटणं एकदम दाबून तो आपल्या लिपीवर आणावा लागतो. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नसणार. बटणांवरची आपली चिन्हं बघून तुम्ही एकेक शब्द बरोबर दाबलात आणि पडद्यावर उमटली खिचडी. ही चूक आपल्याकडे शिकलेली माणसंसुद्धा रोज करतात. मीही करतो. आणि नियम लिहिताना नेमकं हेच मला सुचलं नाही.

तुमचे एकोणीस मजकूर होते. मी बटणाला बटण लावून सगळे वाचले.

पहिला: 'मी तुझा बाप. खेळ बघितला. तळं झकास काढलंयस. मासे जरा जाडे आहेत.'

चौथा: 'थंडीत सकाळी आठला खाणं टाकून उपयोग नाही. ऊन वर येऊ दे. मगच तोंड लावतात.'

सहावा वाचून मी उठलो आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. 'माणसासारखं लिही म्हणतोस. मी तिसरीतून शाळा सोडली. एका ओळीला अर्धा तास लागतो. याहून माणसासारखं मला येत नाही.'

एवढं झाल्यावर मी असतो तर पुन्हा तोंड दाखवलं नसतं. तुम्ही आणखी तेरा लिहिलेत.

मी आ-खुन काकांना फोन लावला; गावात तेव्हा संगणक त्यांच्या खाद्याच्या दुकानातच होता. ते म्हणाले, "तुला आत्ता कळतंय? अरे, दर गुरुवारी यायचा तुझा बाप दुकानात. खाद्य घ्यायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळतंय, आणि हा माझ्या टेबलाशी, एका बोटाने टक... टक... म्हटलं, आण, मी लिहून देतो. तर म्हणतो, बापलेकांमधलं आहे, तू तुझी पोती उचल!"

"मग लिहायचे का थांबले, काका?"

"म्हणाला, पोराला माझं लिहिणं पटत नाही. पण खेळ चांगला केलाय हो, असंही म्हणाला. चार जणांना दाखवलान."

काका ओरडत होते, "ऐकतोयस ना? की फोन मेला?"

आता सतरावा. तो तुम्हाला आठवत असेल. 'वारा उत्तरेचा. चराला आडोसा उत्तरेकडून लागतो. तू दक्षिणेला लावलायस, म्हणून मासे मरतात. मी अकरा वेळा हरलो. नवा चर आणि आडोसा तू बघितलाच नाहीस. म्हणजे त्या दिवशी तू गेला नव्हतास.'

नव्हतो गेलो, बाबा.

तुम्ही आईला घेऊन ऑपरेशनला गेला होतात. जाताना म्हणालात, वारा फिरला की मासे नव्या चरात हाक आणि आडोसा उभा आहे का बघ. मी अठरा वर्षांचा होतो, काही कुक्कुलं बाळ नव्हतो. माझा एक प्रोग्राम अडला होता. आता उठतो, मग उठतो करत दुपार झाली. बाहेर गेलो तेव्हा सगळं तळं मेलेल्या माशांनी पांढरं झालं होतं. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी तोंड वर करून सांगितलं की पहाटे गेलो, दुपारी गेलो, तुमचा चरच चुकीचा होता. तुम्ही माझा संगणक तळ्यात फेकलात आणि मी घर सोडलं. सत्तावीस वर्षं सगळ्यांना तेवढंच सांगत आलो की बापाने संगणक फेकला. पेई-रोंगलासुद्धा. आईच्या दिवसकार्यात तुमच्या शेजारी बसून मी ज्या ताठ्यात गप्प राहिलो, तो ताठा खोट्यावर उभा होता.

खेळातला तो चराचा टप्पा पंधरा वर्षांत कुणालाच पार करता आला नाही. लोकांना वाटायचं, मी मुद्दाम अवघड ठेवलाय. मीही मिशीतल्या मिशीत हसायचो. जे कधी बघितलंच नाही ते मनाने काढलं होतं, एवढीच त्यातली हुशारी.

आणि तुमचा शेवटचा. तो मी कागदावर उतरवून खिशात ठेवलाय. 'खूप विचार केला. त्या दिवशी पाणी सहा अंशांवर गेलं होतं. शेजारचा स्वतः तळ्यावर उभा होता, त्याचेही मेले. तू गेला असतास तरी मेलेच असते. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. संगणक फेकायला नको होता. आडोसा तेवढा उत्तरेला घे.'

यावरही माझ्या नियमाने तुम्हाला तेच उत्तर दिलं. माणसासारखं लिहा.

बापाचे आभार मानू नयेत म्हणतात. मी मानतो, काय व्हायचं ते होवो. अकरा वेळा हरून पुन्हा खेळलात, त्याबद्दल. एकोणीस गुरुवार चालत दुकानात गेलात, त्याबद्दल. खोटं पकडलंत आणि त्यानंतरही मला मोकळं केलंत, त्याबद्दल तर किती म्हणू? माझा खेळ एवढा मन लावून कुणी खेळलं नाही. मला एवढं माणसासारखं कुणी कधी लिहिलं नाही.

काल पेई-रोंगला सगळं खरं सांगितलं. तिने पत्राचा कागद माझ्या पुढ्यात आणून ठेवला. मग म्हणाली, "पत्र टाक आणि मागोमाग तूही जा. पत्राला गुडघे दाबता येत नाहीत."

तेव्हा येतोय. दार उघडलं नाहीत तरी राग नाही, पायरीवर बसेन. पण तळ्यावर जाल तेव्हा मला मागे येऊ द्या. चर कुठे होता आणि आडोसा कुठे, ते मला तुमच्याकडून बघायचं आहे.

तुमचा,
त्या दिवशी न गेलेला, येत्या शनिवारी दहाच्या बसने येणारा,
शी-मिन