जर्मनीतल्या गाडीला कंडक्टर नाही

अवसरी बुद्रुक,
बुधवार, दुपारची जेवणं झाल्यावर

श्री. सावळाराम गाडगे, सेवानिवृत्त वाहक, मुक्काम निमगाव सावा, यांस हौशीराम भोर, सेवानिवृत्त चालक, याचा हात जोडून नमस्कार. आपला गुडघा जिना चढू देत असेल, वहिनींचा दमा थंडीत फार छळत नसेल आणि टोमॅटोला यंदा तरी बरा बाजार मिळाला असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सर्व ठीक. सौ. मंगलची साखर आटोक्यात आहे. मागच्या उसात बिबट्या आहे, त्याचीही तब्येत उत्तम असल्याचं पाहणारे सांगतात. तीन वर्षं आपलं बोलणं नसल्यामुळे 'आपण' असं लिहितो आहे. लिहिताना हात अवघडतो, पण जमेल तिथवर ओढतो.

पत्रास कारण की, आपलं एक भाकीत सपशेल आपटलं आहे आणि ते आपल्याला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मी सांगावं असं वाटलं. सात-आठ वर्षांपूर्वी आपण भर गाडीत उभं राहून जाहीर केलं होतं, की आता ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला, तेव्हा टेबलावरचे कॉम्प्युटर दोन वर्षांत भंगारवाल्याच्या हातगाडीवर दिसतील. सगळ्या प्रवाशांनी माना डोलावल्या होत्या. मीही डोलावली होती (चालत्या गाडीत ड्रायव्हरला मागं वळून वाद घालता येत नाही). तर गेल्या दिवाळीत आमच्या सूनबाईंनी, म्हणजे पप्पूच्या बायकोनं, तेजस्विनीनं, नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. पप्पू चाकणला कंपनीत, आणि ती घरी बसून पुण्याच्या लोकांच्या बंगल्यांची चित्रं करते. बंगला अजून खड्ड्यात असतो आणि हिच्या पडद्यावर त्यात झोपाळासुद्धा हलत असतो. त्या कामाला म्हणे साधा कॉम्प्युटर पुरत नाही, खेळ खेळणाऱ्यांचाच दणकट लागतो. मी म्हटलं चल, मी येतो सोबत. मनात हेतू असा, की दुकान ओस पडलेलं असेल आणि भाव पाडून मागता येईल.

जुन्नरला महंमद हनीफ यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आपल्याला आठवत असेल. तिथं आता त्यांचा अनस कॉम्प्युटर जुळवून देतो. ओस कसलं, आत पाय ठेवायला जागा नव्हती. लग्नाचे व्हिडिओ कापणारा एक बसला होता. आपल्याच निमगावचा एक टोमॅटोवाला दोन्ही मुलींना घेऊन आला होता. त्या दोघी तीन पंख्यांचं ग्राफिक कार्ड हातात घेऊन असं उलटंपालटं करून बघत होत्या, की बैलाचे दात बघणारा माणूसही इतकी चिकित्सा करणार नाही. मी अनसला विचारलं, की बाबा रे, हा धंदा बुडाला असं ऐकून होतो. त्यावर तो हातातला स्क्रू खाली न ठेवता म्हणाला, "काका, पीसी संपला असं मी शाळेत व्हतो तवापासनं ऐकतोय. पण संपायला मला सवड तर मिळाली पायजे ना?" मेमरीचे भाव चढलेत, तरी माणसं रांग सोडत नाहीत, वर मुलं खेळायला म्हणून मागतात आणि आईबाप अभ्यासाला म्हणून घेतात, असंही त्यानं सांगितलं. भाव पाडून मागणं राहिलंच. उलट आमचा नंबर लागला म्हणून मी त्याचे आभार मानून आलो.

आता हा कॉम्प्युटर म्हणजे काचेची पेटी, आत लाल-निळे दिवे फिरतात. मंगलनं पहिल्या दिवशी विचारलं, की गणपती उठून दोन महिने झाले, अजून लायटिंग का काढली नाही. दुपारी तेजस्विनी लेकराला घेऊन पडते तेव्हा ती पेटी मोकळी असते. आणि मीही मोकळा असतो, सावळाराम. तुला म्हणून सांगतो, रिटायर झाल्यापासून मी ओट्यावर बसून असतो, आणि रस्त्यावरनं एसटी चढाला लागली की माझा डावा हात आपोआप गिअर बदलतो. मला वाटायचं हे कुणाला दिसत नाही. सुनेला दिसलं. (वर 'तू' झालं आहे. खोडलं तर कागद घाण होईल, राहू दे. 'आपण'नं फार दमलो होतो.)

तर एका दुपारी तिनं मला पेटीसमोर बसवलं. तिनं अनसकडून एक स्टिअरिंग आणलं होतं, खरोखरचं गोल, टेबलाला पेच मारून बसवायचं, खाली पायात ब्रेक आणि रेस. (असली स्टिअरिंगं महिन्याला पाच-सहा जातात म्हणे, आणि घेणारे सगळे मिसरूड फुटलेलेच असतात असं नाही.) पडद्यावर बस. कुठली, तर जर्मनीतली. रस्ता असा, की पोटातलं पाणी हलणार नाही. मी नमस्कार केला, गाडी काढली, आणि आयुष्यभराच्या सवयीनं डाव्या बाजूला घेतली. तिकडं सगळा कारभार उजव्या अंगानं चालतो हे मला कोण सांगणार? दुसऱ्याच वळणावर समोरून दुधाचा टँकर आला.

सावळाराम, एकतीस वर्षं विनाअपघात. छातीवर बिल्ला लावलेला तू पाहिला आहेस. आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, खुर्चीवर बसून मी टँकरला समोरासमोर ठोकली. मंगल आतून धावत आली आणि तिनं पहिला प्रश्न केला, "कुनाला लागलं का?" तेजस्विनी म्हणाली मामा, काही होत नाही, परत सुरू करा. मी म्हटलं, अपघात करून गाडी परत सुरू करून निघून जायचं असतं का? मी उठलो, कागद घेतला आणि रीतसर अपघाताचा अहवाल लिहिला. वेळ दुपारी दोन चाळीस, हवामान स्वच्छ, ठिकाण जर्मनी, गावाचं नाव वाचता आलं नाही, चूक चालकाची. तो कुणाकडं द्यायचा हे न कळल्यामुळे देवघरात ठेवला. रात्री जेवलो नाही.

पण चार दिवसांत उजवी बाजू अंगवळणी पडली आणि मग मी सुटलो. रोज दुपारी सव्वातीनची गाडी. बातमी आळीत पसरली. आधी शेजारचा धर्माजी आला आणि माझ्या मागं पाट टाकून बसला. मग चिमाबाई आली. ही पेठची, लेकीकडं अवसरीला राहते, आपल्या गाडीनं बाजाराला यायची ती (अंडी मांडीवर घेऊन बसायची आणि प्रत्येक खड्ड्याला मला नावानं हाक मारायची, तीच). ती येताना पिशवी घेऊनच आली. आता रोज सात-आठ जण असतात. खिडकीजवळच्या पाटावरून भांडणं होतात. जर्मनीतले थांबे कुणालाच वाचता येत नसल्यामुळे त्यांना आपली नावं दिली आहेत, मंचर, अवसरी फाटा, पेठ, असं करत. चिमाबाईचं पेठ आलं की ती खरोखर उठते आणि घरी जाते. त्यापुढं गाडी गेली काय अन् राहिली काय, तिला कर्तव्य नाही.

इथवर सगळं झकास. आता जे झालं ते मन घट्ट करून लिहितो.

जर्मनीतल्या गाडीला कंडक्टर नाही. मी आधी समजलो, चहाला उतरला असेल. दोन दिवस वाट पाहिली. मग सुनेनं सांगितलं, की तिकडं तिकिटं ड्रायव्हरनंच फाडायची. म्हणजे थांब्यावर गाडी उभी करायची, दार उघडायचं, पडद्यावरचा गोरा माणूस त्याच्या भाषेत काहीतरी मागतो ते ओळखायचं, माउसनं तिकीट काढायचं, नाणी मोजून परत द्यायची, म्हातारी चढली की दार थांबवायचं, पुन्हा घड्याळ बघायचं आणि निघायचं. माझी त्रेधातिरपीट उडाली. तिकीट देऊन झालं तर दार उघडंच, दार लावलं तर माणूस अर्धा बाहेर. एकाला सुटे जास्त दिले, दुसऱ्याला दिलेच नाहीत. मागून धर्माजी ओरडतोय की गाडी सोड, चिमाबाई ओरडतेय की त्या बाईला आधी बसू दे. फेरी संपली की तो खेळ मार्क देतो. गाडी चालवण्याचे मला शंभरात एक्याण्णव पडले. प्रवाशांचे बारा.

बारा. आणि एकदा नाही, आठवडाभर रोज बारा, चौदा, एकदा नऊ. गेल्या आठवड्यात मंगळवारी तो नऊ पडला तेव्हा चिमाबाईनं पिशवी उचलली आणि दारात उभी राहून म्हणाली, "हौशीराम, गाडी तुला लई झ्याक येती. पर मान्सं सांभाळायची ती सावळारामच सांभाळायचा."

सगळ्यांना ठाऊक आहे रे मी माझ्या निरोपसमारंभात काय बोललो ते. हार गळ्यात, समोर अख्खा आगार, आणि मला माईक मिळालेला. मी म्हटलं होतं, "एकोणीस वर्षं गाडी मी चालवली, सावळाराम नुसता मागं बसून आला." लोक खदखदून हसले. तूही हसलास. मग तू पेढा न घेता निघून गेलास आणि पुढं आमच्या गावच्या यात्रेलाही आला नाहीस. मी घरी म्हणायचो, मी खोटं काय बोललो? थट्टा कळत नाही त्याला. तीन वर्षं मी हे वाक्य मंगलला ऐकवतो आहे आणि तीन वर्षं ती तव्याकडं बघत भाकरी थापते आहे.

त्या मंगळवारी मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो आणि एकेक आठवायला लागलं. कोण कुठं उतरणार हे तुला न विचारता ठाऊक असायचं. झोपलेल्या माणसाला त्याच्या फाट्याच्या आधी हलवून जागं करायचास. बाई बोचकी उतरवेपर्यंत तिचं पोर कडेवर घेऊन रस्त्यात उभा राहायचास. दारू प्यालेला एकजण माझ्या अंगावर आला होता, त्याला तू गोष्टी सांगत सांगत मागच्या सीटवर नेऊन झोपवलंस, आणि मला ते आळेफाट्याला कळलं. मी एकोणीस वर्षं फक्त समोर बघितलं, सावळाराम. बघू शकलो, कारण मागं तू होतास. हे मला माणसानं नाही, मशीननं मार्क देऊन शिकवलं याची लाज वाटते. तुझं कॉम्प्युटरचं भाकीत चुकलं एवढंच कळवायचं होतं, पण माझं भाषण त्याहून जास्त चुकलं. तू हसलास म्हणून ते लागलं नसेल, असं मी सोयीनं धरून चाललो.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. जास्त काय लिहू, चष्मा धुरकट झाला आहे.

तुझा,
हौशीराम

ता. क. – खरं काम राहूनच गेलं. स्टिअरिंगला माझे दोन्ही हात लागतात, पण माउस मोकळा असतो. दर गुरुवारी तू माझ्या डाव्या बाजूला बसायचं. तिकिटं, सुटे, दार आणि म्हाताऱ्या तुझ्याकडं. घड्याळही तूच बघ. चिमाबाईला विचारलं आहे, ती म्हणाली, तो येणार असंल तर मी पेठच्या पुढंबी येते.

ता. क. दुसरा – वर स्टिअरिंग सुनेनं आणलं असं लिहिलं आहे ते खोटं आहे. मीच एकटा जुन्नरला जाऊन अनसकडून आणलं, आणि सुनेला पढवून ठेवलं. परवा आणखी एक वस्तू आणली, एक जादा माउस, मोठा, हाताला जड वाटणार नाही असा. तो अजून खोक्यातच आहे.

ता. क. तिसरा – हे पेन्सिलीनं लिहितो आहे, कारण तुझ्या ओट्यावर बसलो आहे. पत्र पोस्टात टाकायला निघालो होतो, पण टपालपेटीपाशी हिंमत झाली नाही. टाकलं असतं तर तू उघडलं नसतंस. म्हणून मिळेल त्या गाडीनं इथवर आलो. वहिनींना सांगितलं आहे, की कागद तेवढा आत द्या, मी आलोय ते सांगू नका. वाचून झालं असेल तर हाक मार. मारावीशी वाटत नसेल तर पुन्हा एकदा पहिल्यापासून वाच. मी बसलोय.