लाखेनंतरचं कुलूप

दि. ६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जुनंच पाकीट उलटं करून पुन्हा चिकटवलेलं दिसलं, तेव्हाच ओळखलं की पत्र तुझं. परीक्षेच्या हंगामात आमचे फोन परीक्षा खात्याच्या कचेरीत जमा करून घेतात, म्हणून उत्तरही पत्रानेच.

कागद गेले तर आता राखतोस काय, असं विचारलंस. अगं, प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांना लाख लावता लावता बोटं भाजून घेतली. पाकीट फोडायचं तर दोन परीक्षार्थींच्या सह्या लागायच्या. आता पेपर आधीच सगळ्या केंद्रांवरच्या कॉम्प्युटरांत जाऊन बसतो, कुलूपबंद. त्याची किल्ली म्हणजे एक शब्द, आणि तो माहीत आहे फक्त मला; वेळ झाली की मी तो इथूनच टाकतो. साहेब म्हणाले, अर्धा शब्द दुसऱ्या कोणाकडे ठेवू या. मी म्हटलं, माझ्या डोक्यातून कोण चोरणार?

खारूला म्हणावं, मामा पाठीशी आहे. नर्सची ही नोकरी दोनदा थोडक्यात हुकली, आणि वयाच्या अटीत हीच शेवटची संधी, हे मला ठाऊक आहे. तुझा जप चालूच असेल.

लोभ आहेच, तो वाढता असो.
तुझा धाकटा

दि. १९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटा असशील तेव्हा वाच.

खारूला दोन्ही पेपर चांगले गेले, आणि पंचाईत तीच आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर मुलं जागेवर येऊन बसली होती. हिचं मशीन अडकलं आणि पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट आली. देखरेखीवरच्या बाई मेकॅनिकला बोलवायला बाहेर गेल्या. पोरीला काय सुचलं कोण जाणे! मामा फोनला, वायफायला, सगळीकडे एकच शब्द ठेवतो, हे तिला माहीत. तू तिला मारतोस ती हाक, 'खारू', तिने गंमत म्हणून टाईप केली. आणि दुसरा पेपर उघडला रे, वेळेच्या आधी.

काही प्रश्नांवरून नजर फिरली, मग घाबरून तिने तो बंद केला. मेकॅनिक आला, मशीन सुरू झालं आणि तेच प्रश्न समोर आले. घरी येऊन चपला न काढता तशीच बसून राहिली. संध्याकाळी मला सगळं सांगितलं. भाचीवर जीव आहे तुझा, कबूल. पण म्हणून पोरीचं कुलूप करून ठेवायचं?

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. देवापुढे बसते, पण माळ हातातच राहते. काय करावं ते कळव.

माया कर, पण आधी उत्तर दे.
तुझी ताई

दि. २४ मार्च

ती. ताईस नमस्कार.

पत्र वाचलं. शब्द लगेच बदलला. कोणाला काही कळलेलं नाही, आणि तुम्ही दोघी बोलला नाहीत तर कळायचंही नाही. खारूने काही चोरलं नाही, दार उघडंच होतं. तोंड उघडलंस तर तिची नोकरी जाईल, माझीही जाईल, आणि एवढ्या मुलांना पुन्हा परीक्षेला बसावं लागेल. त्यात कोणाचं भलं आहे? निकाल लागू दे. ताई, तुझ्या पाया पडतो. हे पत्र फाडून टाक.

तुझ्या मायेवरच सगळी मदार आहे.
धाकटा

दि. २९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. रागावले म्हणून ते कमी झालेले नाहीत.

पत्र फाडलं नाही, खारूला वाचायला दिलं. मामाचं काय होईल, हेच तिने पहिल्यांदा विचारलं. मग म्हणाली, गल्लीतल्या शिंप्याची मुलगी माझ्या शेजारच्याच मशीनवर होती. तिचीही शेवटचीच संधी. निकालाच्या यादीत मी वर आले आणि ती खाली राहिली, तर तिच्या दारावरून रोज कशी जाऊ? ह्याचं उत्तर तुझ्याकडे आहे का?

दार उघडंच होतं म्हणतोस. मग खारूखेरीज आणखी कोण डोकावून गेलं, हे तुला तरी माहीत आहे का? पूर्वी पाकिटावर दोन सह्या मागायचे, त्या काही कोणाला चोर ठरवायला नव्हेत. तुझ्यासारखा सरळ माणूसही चुकतो म्हणूनच ना?

खारूने तुमच्या खात्याला अर्ज लिहिलाय. जे घडलं ते सगळं लिहिलंय, तुझं नातंही लपवलेलं नाही. ह्यांना काल सांगितलं. ते आधी माझ्यावर ओरडले, मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून बाहेर निघून गेले.

हे पत्र कधी नव्हे ते जलद टपालाने पाठवतेय. अर्ज उद्या टाकीन, साध्या टपालाने. मधे जेवढा वेळ मिळेल तो तुझा. अर्ज पोचायच्या आत साहेबांसमोर उभा राहून तू स्वतः सांग. बहीण म्हणून ह्याहून जास्त मला करता येत नाही, आणि कमी करवत नाही.

लोभ ठेवलास तर बरं वाटेल. नाही ठेवलास, तरी माझा आहेच.
तुझी ताई